दसऱ्याला पुजलेलं मशीन

श्री

डोंबिवली पूर्व,
१४ सप्टेंबर १९८७

चि. गुरुदत्त यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दिलेलं कानाचं मशीन आठ दिवस वापरते आहे. ब्लाउजला खिसा शिवून घेतला, त्यात ती डबी आणि वायर कानात. हरिहर म्हणतो, आई रेडिओवर बातम्या द्यायला निघाली. म्हणू दे. काल मंजू आतल्या खोलीत नुसती कुरकुरली आणि मी ओट्यापासून उठून गेले. गुरू, तुझे उपकार कसे फेडू? गेल्या महिन्यात पोर रडून रडून घामाघूम झाली, मी पाठमोरी तांदूळ निवडत बसलेली, कळलंच नाही. तेव्हापासून सूनबाई, शुभदा, पाळणाघराची चौकशी करत होती. घरात आजी असताना सहा महिन्यांची नात परक्याकडे जायची, या विचाराने मला घास गिळवत नव्हता. आता पाळणाघराचं नाव निघत नाही.

तुझे नियम पाठ आहेत. आंघोळीआधी काढायचं, झोपताना सेल काढून ठेवायचा, पाणी आणि पावडर लागू द्यायची नाही. मॅट्रिक झालेय रे मी.

लोभ आहेच, अधूनमधून तोंडही दाखवत जा.

तुझी
सुमतीआत्या

श्री

डोंबिवली पूर्व,
३ ऑक्टोबर १९८७

चि. गुरुदत्त यास अनेक आशीर्वाद.

मॅट्रिकबाईंची अक्कल चरायला गेली होती. काल दसऱ्याला पाट मांडून विळी, कात्री, हरिहरचा पाना, सगळं पुजलं. मनात आलं, ज्याने माझी नात माझ्याजवळ ठेवली त्याला कसं वगळू? डबी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि सवयीने पळीभर पाणीही शिंपडलं. पावडर म्हणजे तोंडाला लावायची, एवढंच मी धरून चालले होते. मशीन तेव्हापासून मुकं आहे.

कुणाला सांगितलं नाही. आज शुभदा कामावर गेली आणि मी मंजूवरून नजर हलवली नाही. तरी दुपारी डुलकी लागलीच. जाग आली तेव्हा पोर लालबुंद होऊन हुंदके देत होती. तिला उराशी धरून मीही रडले. पुढच्या रविवारी काही निमित्त काढून ये आणि डबी गुपचूप दुरुस्तीला ने. शुभदाला कळलं तर मंजू गेलीच पाळणाघरात.

माया कमी करू नकोस, जरी शहाणपण कमी पडलं तरी.

सुमतीआत्या

ठाणे,
६ ऑक्टोबर १९८७

ती. सुमतीआत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग मंजूचं वाचलं आणि हसू थांबलं. चूक माझीही आहे, हळदकुंकवाचं मी सांगायला हवं होतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, म्हणून हक्काने लिहितो. मशीन नेईन, पण गुपचूप नाही. वहिनींना तूच सांग. मंजूला तहान लागली, लागलं, खुपलं, तर ती फक्त रडूनच सांगणार ना?

रागावलीस तरी आशीर्वाद चालू ठेव.

तुझा
गुरू

मानपाडा,
१९ ऑक्टोबर १९८७

गुरुदत्तभावोजींना शुभदाचा सप्रेम नमस्कार.

डबा खाऊन झाल्यावर ऑफिसातूनच लिहिते आहे. तुमचं पत्र यायच्या आधीच, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, आईंनी मंजूला माझ्या मांडीवर ठेवलं आणि डबी हातात दिली. डुलकीचंही सांगितलं. म्हणाल्या, उद्यापासून हिला माझ्या एकटीवर टाकू नकोस, मला ऐकू येत नाही. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी लग्नाच्या पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी पंधरा दिवस रजा टाकली. काल तुम्ही मशीन नीट करून आणून दिलंत, त्याबद्दल आभार मानायला शब्द तोकडे आहेत.

एक कबुली द्यायची आहे. मशीन आल्यावरही माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारच्या मंदाकिनीबाईंना रोज दुपारी आमच्याकडे डोकावायला सांगून ठेवलं होतं, आईंच्या नकळत. आज निघताना त्यांच्या दारात थांबले आणि म्हटलं, आता नका येऊ. काही बिघडलं तर आई स्वतः सांगतील.

आमच्यावरचा स्नेह असाच राहू द्या.

आपली
शुभदा