खारूताईच्या पोटदुखीचे तीन दिवस

प्रिय बाबा,

आधी तुम्ही जिची वाट पाहत असाल ती बातमी. काल खारूताईचे टाके काढले. सर्जनबाई म्हणाल्या, जखम छान भरली आहे, सोमवारपासून शाळेत पाठवा. तुमच्या नातीला मात्र एकच तक्रार होती, की कापून काढलेला तो तुकडा बरणीत घालून आपल्याला का दिला नाही. वर्गात दाखवायचा होता म्हणे. मी हसले, आणि हसताना लक्षात आलं की इतके दिवस मी खांदे आवळूनच वावरत होते.

तुमच्या जावयाचं तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर औषधांच्या दुकानात उभा राहणारा माणूस. तुमच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांना तो बारा वर्षं साखरदाणे म्हणत आलाय, आणि तुम्ही त्याला विचारता, आज किती रंगाच्या गोळ्या खपल्या? तुम्ही दोघं हसता, चहा पिता, विसरून जाता. मला मात्र ते लागतं. लहानपणी शाळेतून आले की मी तुमच्या दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायची. कावलेली माणसं तुमच्यापुढे तासभर बोलून हलकी होऊन जाताना मी पाहिली आहेत. म्हणून तुमच्या गोळ्यांना कुणी हसलं की मलाच हसल्यासारखं वाटतं.

त्या शनिवारी तिच्या बेंबीभोवती दुखायला लागलं, तेव्हा पहिला फोन तुम्हालाच केला. कुठली बाटली काढायची ते तुम्ही सांगितलंत आणि त्याच दमात बजावलंत, ताप आला किंवा दुखणं उजवीकडे सरकलं तर मला विचारत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. रविवारी तुमचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, ताप नाही, उतार पडतोय.

सोमवारी दुपारी तुम्हाला राहवलं नाही. फोन तिच्या हातात द्यायला लावलात आणि तिला एका पायावर उडी मारायला सांगितलीत. तिने मारली आणि पोट धरून खालीच बसली. मग मला एवढंच म्हणालात, "गोळ्या राहू दे. गाडी बोलाव." चार वाजता ती ऑपरेशनच्या टेबलावर होती. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. उद्यावर ढकललं असतं तर अवघड होतं, असं सर्जनबाई म्हणाल्या.

तुम्ही संध्याकाळी आलात ते शर्टाची बटणं खालीवर लावूनच. जावयापुढे हात जोडलेत. म्हणालात, "पोरीला मी दोन दिवस गोळ्यांवर ठेवलं. चूक माझी आहे." त्याने तुमचे हात धरले, तुम्हाला बाकावर बसवलं. मी तिथेच होते, पाण्याची बाटली घेऊन. ती तुमच्यापुढे केली, एवढंच.

परवा तुमच्या कंपाउंडरकाकांचा फोन आला. त्या दिवसापासून तुम्ही दवाखाना उघडलेला नाही, पाटीसुद्धा उतरवायला सांगितलीत, हे त्यांच्याकडून कळलं.

बाबा, ताप होता. रविवारी सकाळीच होता, एकशे एक. मी थर्मामीटर झटकला, कपाटात ठेवला आणि तुम्हाला सांगितलं, ताप नाही. जावयालाही तेच सांगितलं. सासऱ्यांच्या औषधाने तुझी लेक बरी झाली, हे एकदा तरी त्याला ऐकवायचं होतं मला. तेवढ्यासाठी मी पोरीचा जीव टांगणीला लावला. काल टाके काढून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, चांगलाच चिडला. मग म्हणाला, "आधी बाबांना सांग. ते तिकडे तुझी शिक्षा भोगतायत." फोनवर माझी जीभ उचलली नसती, म्हणून हे पत्र. चूक तुमची नव्हती, माझी होती. तुम्ही फोन केलात म्हणून ती वाचली. माझ्यावर हवं तितकं रागवा, पण दवाखाना उघडा.

तुमचीच, सांगून मोकळी झालेली
लेक