हॅसलटन टाउनचा मॅनेजर

१२ जानेवारी २०१९

ती. डॅड यांना,
क्रेगचा कोठडीतूनच शि. सा. न.

तुमचं ख्रिसमसचं कार्ड काल मिळालं. इथे झडती घेतल्याशिवाय येशूलाही आत सोडत नाहीत.

आधी क्लबची खबर देतो, नाहीतर बाकीचं पत्र तुम्ही वाचणारच नाही. आपण रॉसबरीला ३-१ ने हरवलं. आपल्या सेंटर फॉरवर्ड पिकअपने दोन गोल मारले. गेममध्ये आता २०१६ साल लागलंय, त्यामुळे त्याचं वय झालंय, धावताना धापा टाकतो, पण मी काही त्याला विकणार नाही. संचालकांनी पुन्हा ताकीद दिली, यंदा वरच्या गटात गेलो नाही तर मॅनेजर बदलू. कॉम्प्युटरचे संचालक ते, पण आपल्या जुन्या संचालकांइतकेच दीडशहाणे. इंटरनेटवाला नवा प्लेस्टेशन आत चालत नाही, म्हणून मशीन जुनं, गेम जुना आणि संघही मी आत आलो त्या वर्षीचाच. नीट वागणाऱ्यालाच हा गेम खोलीत ठेवू देतात, म्हणून मी नीट वागतो.

मार्चमध्ये पॅरोल पॅनेलपुढे सुनावणी आहे. तुम्हाला माहीतच आहे, माझ्या शिक्षेला शेवटची तारीख नाही. मी सुधारलो असं पॅनेलला वाटेल तेव्हा सोडणार. पबबाहेरच्या त्या मारामारीत त्या माणसाचा डोळा गेला, ते मी एक दिवस विसरलेलो नाही. पण डॅड, इतकी वर्षं झाली, आता जीव कंटाळला. मला घरी यायचंय. वकीलबाई म्हणाल्या, घरून एक पत्र हवं: तुमच्याकडे माझ्यासाठी खोली आहे आणि मी जबाबदारीने वागतो. एवढंच लिहा. तुमचं पेन एकदा सुटलं की आवरत नाही, म्हणून सांगतो.

लोभ असू द्या, तो झडतीत कोणी काढून घेत नाही.
तुमचा,
क्रेग

*

२७ जानेवारी २०१९

चि. क्रेग यास,
डॅडचे अ. उ. आशीर्वाद, आणि थोडी बोलणी.

पिकअपला अख्खा सामना पळवलास? लाज वाटते का काही? खरा पिकअप मंगळवारी आपला बॉयलर दुरुस्त करायला आला होता. पोट एवढं सुटलंय की बॉयलरच्या कपाटात मावेना. मी त्याला सांगितलं, क्रेगने तुला अजून संघात ठेवलंय आणि रॉसबरीवर तू दोन मारलेस. बेट्याने डोळे पुसले. मग दोन कप चहा ढोसला आणि ते गोल कसे मारले हे मलाच विचारत बसला.

क्लब बुडाला, मैदानावर ते मेलं गोदाम उभं राहिलं, तेव्हापासून शनिवार कसा काढायचा हा आम्हा म्हाताऱ्यांपुढे प्रश्नच होता. आता सगळे बोलिंग क्लबात जमतात आणि मी तुझं पत्र मोठ्याने वाचतो. आर्थर तर क्लबचा मफलर गुंडाळून येतो. या वेळी ३-१ ऐकल्यावर ताटातला मटण-बटाट्याचा हॉटपॉट तसाच ठेवून सगळे उभे राहिले.

पॅनेलला पत्र धाडलं. एवढंच लिहा म्हणे! चार पानं झाली. खोलीचं लिहिलं. मग लिहिलं की माझा मुलगा इतकी वर्षं हॅसलटन टाउनचा मॅनेजर आहे, क्लब दोनदा वरच्या गटात नेलाय, खेळाडूंवर कधी डाफरत नाही, संचालकांचं निमूट ऐकून घेतो. बाहेर आल्यावरही क्लब तोच सांभाळणार, अख्खं गाव त्याच्या भरवशावर आहे. याहून मोठी जबाबदारी ती काय असते? बापाने नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

जपून राहा. पिकअपला जरा बाकावर बसव.
तुझा,
डॅड

*

२ एप्रिल २०१९

प्रिय जॅनिस,
तुला स. न., भाचरांना पापे.

नाही सोडलं. पुढची सुनावणी वर्षभराने.

सगळं बरं चाललं होतं गं. मग पॅनेलमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी डॅडचं पत्र पुढे ओढलं आणि शांतपणे विचारलं, मिस्टर एन्टविसल, तुम्ही एका फुटबॉल क्लबचे मॅनेजर आहात का. मला हसू आलं. मी हसलो, तेही लिहून घेतलं. मी सांगितलं, तो गेम आहे, वडिलांनाही ठाऊक आहे. पण चार पानांत गेम हा शब्दच नाही. डॅडच्या लेखी ते सांगायची गरजच नव्हती, तिकडे कोणालाही विचार, क्रेगचा क्लब म्हटल्यावर काय ते कळतं. पॅनेलने त्या क्लबची चौकशी केली, तर तो कधीच बुडालेला. निकालात लिहिलंय की मी कल्पनेतल्या जगात राहतो, घरचेही त्याला खतपाणी घालतात, तेव्हा सुटल्यावर मी राहायला ते घर योग्य नाही.

मी डॅडना कळवलंय की एक कागद वेळेत पोचला नाही. तू तोंड उघडू नकोस. आपल्या पत्राने पोरगा आत राहिला हे कळलं तर म्हातारा हाय खाऊन मरेल. वकीलबाईंच्या सल्ल्याने मी गेम परत दिला. आता संध्याकाळी दार लागलं की चार भिंती आणि मी. इतकी वर्षं कधी असं झालं नव्हतं, जॅनिस, पण आता खरंच गुदमरतं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
क्रेग

*

१९ मे २०१९

प्रिय क्रेग,
तुझ्या मोठ्या बहिणीकडून आठवण आणि एक धपाटा.

डॅडना खरं सांगायला हवं होतंस, असं माझं मत होतं आणि आहे. पण आता मीही सांगू शकत नाही. गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. डावा हात चालत नाही, पेन धरायचा उजवा मात्र ठणठणीत, काय नशीब बघ. माझ्याकडे लीड्सला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. मी गेलो की शनिवारी क्लबचं पत्र कुठे येणार, असं मलाच विचारतात.

आणि क्लबचं पत्र तर येत नाही. रोज पोस्टमनला दारात अडवतात. तुझ्या पत्रांत हवापाणी असतं, निकाल नसतात, म्हणून त्यांना वाटतंय संचालकांनी तुला हाकललं. जेवण सोडलंय. आर्थरही मफलर घरी ठेवून येतो म्हणे.

क्रेग, गेम नाही तर नाही. मनाने रच. कोण जिंकलं, कोणी मारले, दोन ओळी लिही. मी कधी तुला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, आज हात जोडून सांगते.

रागावले तरी तुझीच,
जॅनिस

*

८ जून २०१९

ती. डॅड यांना,
मॅनेजरचा शि. सा. न.

उशीर झाला, माफ करा. कामात बुडालो होतो. आपण कप जिंकला!

खरंच सांगतो. अंतिम सामन्यात पाऊस, चिखल, मध्यंतरापर्यंत आपण एकने मागे. ड्रेसिंग रूममध्ये मी कोणावर ओरडलो नाही. फक्त म्हटलं, गावात काही म्हातारी माणसं तुमच्या निकालासाठी जेवायची थांबलीत. मग पिकअपला बाकावरून उठवलं. त्याने डोक्याने एक मारला आणि शेवटच्या मिनिटाला दुसरा, पडता पडता, गुडघ्याने. रेफरीने शिट्टी वाजवली तेव्हा तो चिखलातच बसून राहिला होता. तेव्हा डॅड, आता गपगुमान जेवा.

पुढल्या मार्चमध्ये पुन्हा सुनावणी आहे. या वेळी तुमच्या पत्राची गरज नाही, मागचं फाइलीत आहेच. हाताला विश्रांती द्या.

दर शनिवारी माझी आठवण काढा, तेवढ्यावर भागतं.
तुमचा,
क्रेग

*

९ फेब्रुवारी २०२०

चि. क्रेग यास,
डॅडचे अ. उ. आशीर्वाद. या खेपेला बोलणी नाहीत.

जॅनिस म्हणते, तुझ्या पत्रांनी मला अंथरुणातून उठवलं. खरं आहे ते. कपाचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आणि त्यानंतरचा एकेक सामना! पूर्वी तू नुसते निकाल कळवायचास; आता पाऊस दिसतो, प्रेक्षक ऐकू येतात, पोरांची बोलणी कळतात. आर्थर म्हणाला, हा मुलगा त्या मैदानावरच राहतो. मी म्हटलं, मग काय तर.

पॅनेलला पत्र नको असं तू लिहिलंस, मला त्रास नको म्हणून. जॅनिसही नको नको करत होती, कारण विचारलं तर रडायला लागली. तुम्ही दोघं मला अगदीच निकामी समजता काय? गेल्या वेळी एक कागद कमी पडला म्हणून तू आत राहिलास. या वेळी मी काही कमी पडू दिलं नाही. कप कसा जिंकलास ते सगळं लिहिलं, तुझी जूनपासूनची पत्रं एकूण एक सोबत जोडली, आणि खाली आम्ही बोलिंग क्लबातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, हॅसलटन टाउनचे संचालक म्हणून.

आज सकाळीच रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट गेलं. आता तुला आत कोण ठेवतो तेच बघतो. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

वाट पाहणारा,
डॅड