चौथं चित्र

७ फेब्रु. ९४, सोम.
मशीन अखेर चाललं. मायक्रोस्कोपवर कॅमेरा, कॅमेऱ्याला कॉम्प्युटर, तिथून टेलिफोनच्या तारेवरून थेट पुण्याला, स्लाइड बघून निदान देणाऱ्या सरांच्या पडद्यावर. परभणीत असलं काही होईल असं कुणाला वाटलं होतं! एक चित्र जाईपर्यंत चहा थंड होतो, मध्येच लाईन तुटते. म्हणून निवडून मोजकीच पाठवायची. सर म्हणाले, "तू दाखवशील तेवढंच मला दिसणार. नीट निवड."

१५ फेब्रु., मंगळ.
आज मारोतराव आला. आमच्या गावचा. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत आमच्या घरावर रॉकेल ओतणारा. ओढ्यात लपून मी डोळ्यांनी बघितलंय. आईची शिलाई मशीन त्यातच गेली. आई नंतर सावरलीच नाही.
आता बायकोची किडनी बसवून जगतोय. रक्ताचा रिपोर्ट बिघडला म्हणून बायोप्सी. त्या किडनीचा शेवईएवढा तुकडा आता माझ्याकडे.
त्याने माझं गाव विचारलं, मी सांगितलं. हसला. "म्हंजे आमच्या गावचीच लेक की! लय अभिमान वाटायलाय बगा."
आठवतच नाही त्याला! जाळायचं त्याने आणि लक्षात ठेवायचं मी.

१६, बुध.
स्लाइड पाहिली. बहुतेक ठिकाणी ठीक. एका टोकाला मात्र पांढऱ्या पेशी नलिकांत घुसल्यात. त्याचं शरीर ती किडनी नाकारायला लागलंय.
चांगल्या जागांची तीन चित्रं पाठवली. टोकाचं, चौथं, नाही पाठवलं. खोटं एकही पाठवलेलं नाही.
सरांचा फोन: "किडनी नाकारल्याचं काही दिसत नाही. किडनी टिकवायचं औषधच जास्त होत असणार. डोस कमी करायला सांग."
डोस कमी झाला की किडनी गेलीच. "हो सर" म्हटलं. त्याला निरोप दिला.
बरं वाटलं. खूप बरं वाटलं. एक भाकरी जास्तच खाल्ली. बाबा म्हणाले, "आज गुणगुणायलीस?" त्यांना काही सांगितलं नाही.

१८, शुक्र.
त्याची बायको आली, गोदाकाकू. टेबलावर खण-नारळ ठेवला. "गावची लेक हाईस, रिकाम्या हातानं कसं यावं?"
आमच्यात ओटी भरत नाहीत, धम्म घेतला तेव्हाच सुटलं ते. गावात जन्म गेला, बाईला एवढंही माहीत नाही. आणि त्यात खण! राहवलं नाही. म्हटलं, "शिवू कशावर? मशीन तुमच्या मालकांनीच जाळली."
तिने नाही म्हटलं नाही, रडलीही नाही. "ठावं हाय," म्हणाली. "म्या दारातच हुते तवा."
उठता उठता कमरेवर हात ठेवून, "त्येंचं सोड. पर किडनी माजी हाय, बाई. ती जगायलीय का, तेवढं सांग."
मी बेसिनवर जाऊन हात धूत बसले. ती गेली. खण तिथंच.

१९, शनि.
राग तसूभर कमी नाही. तो उद्या मेला तर डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. पण ती बाई म्हणते, 'किडनी माजी हाय', आणि खरंच तिचीच आहे. मारोतरावाला मारायला निघाले आणि हत्यार लागतंय तिला. हे काही मला जमायचं नाही.
सकाळीच त्याला बोलावून घेतलं, परत तपासायचंय म्हणून. बाहेर बाकावर बसलाय.
स्लाइड लावली. तेच टोक, चौथं चित्र. लाईन तुटली. परत तुटली. वाटलं, तुटू दे, माझा काय दोष. तरी पुन्हा लावली. एकेक ओळ करत चित्र सरकत राहिलं. गेलं.
आता सर विचारणार, हे आधी का नाही दाखवलंस. सबबी दोन-तीन तयार आहेत. लाईन खराब होती, असं म्हटलं तर कुणीही मानेल. खरं सांगितलं तर हे मशीन जाईल, नोकरीही जाईल.
पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. ओढा, रॉकेल, आईची मशीन. मोठ्याने.
फोन वाजायला लागला. उठून आधी दार सताड उघडलं. बाकावर मारोतरावाला नीट ऐकू येईल असं.