तेवीस रकाने

३ मार्च २००६

संग्रहात अजून फक्त एकसष्ट लेख! युनिव्हर्सिटीचं सगळं संशोधन एका जागी, कुणालाही कम्प्युटरवर फुकट वाचता यावं — कल्पना हेलनची, सिस्टिम माझी. प्राध्यापक फिरकत नाहीत. हेलन लायब्ररीची मुख्य. आज केबिनमध्ये बोलावून म्हणाली, "जूनअखेर दोनशे झाले नाहीत तर कमिटी बंद करेल, उल्हास." म्हणजे माझं कॉन्ट्रॅक्टही संपलं.

७ मार्च

लिफ्टमध्ये दोन विद्यार्थी. "व्हिटेकरनं स्वतःचा पेपर वाचून यायला सांगितलाय, आणि तोच कुठे मिळत नाही." "गुगल कर." "केलं. तीस पाउंड मागतात."

कान उघडे ठेवले की मीटिंगा लागत नाहीत.

९ मार्च

प्रोफेसर व्हिटेकरकडे गेलो, भूगर्भशास्त्रात. म्हटलं, एक लेख माझ्यासमोर चढवा, मी बोलणार नाही. ऐकत बसलो. मॅट्रिकनंतर अकोल्यात टायपिंग शिकलो, तिथले मास्तर पाठमोरे उभे राहून सांगायचे कोण कुठे अडलं ते. नाव — टकटक. शीर्षक — टकटक. नवव्या रकान्याला आवाज बंद. 'विषय-वर्गीकरण क्रमांक'. व्हिटेकर म्हणाला, "चहा घेणार?" आणि उठला तो परत खुर्चीत बसलाच नाही.

तेवीस रकाने आहेत. मीच केलेत. शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत.

१४ मार्च

हेलनला म्हटलं, तीनच ठेवतो: नाव, शीर्षक, फाइल. बाकीचे कोरे राहिले तरी फॉर्म पुढे गेला पाहिजे. "यू कान्ट, उल्हास. स्टँडर्ड्स असतात." म्हटलं, ते आपण मागाहून भरू. शोध लावणं त्यांचं काम, क्रमांक लावणं आपलं. हसली. म्हणजे अर्धं काम झालं.

२ एप्रिल

फॉर्म तीन रकान्यांचा झाला, तरी अठ्ठ्याऐंशीच. मधुमती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, अकोल्याला दाखला हवा असला की तुम्ही कलेक्टरकडे जायचात की हेडक्लार्ककडे?"

इतकी वर्षं इथे राहून हे विसरलो कसा?

४ एप्रिल

व्हिटेकरच्या डिपार्टमेंटची सेक्रेटरी जीन. बिस्किटं घेऊन गेलो. सगळ्यांचे लेख नीटनेटके करून छापायला तीच पाठवते, प्रती तिच्याकडेच! एकेकाला विचारून चढवते म्हणाली. "नोबडी एव्हर आस्क्ड, मी डक." नॉटिंगहॅममध्ये प्रेमानं सगळ्यांनाच 'माझ्या बदका' म्हणतात.

१९ मे

एकशे छप्पन्न. प्रत्येक डिपार्टमेंटला एक जीन असते. बिस्किटं घाऊक आणतो आता.

२७ जून

दोनशे चौदा. व्हिटेकरनं जिन्यात अडवलं — "पेरूहून एकाचा ईमेल आला, माझा लेख वाचून. अजून तीन देतो." संध्याकाळी कमिटीचा निरोप: संग्रह कायम, तो सांभाळणारं पदही कायम. मधुमतीनं श्रीखंड केलं.

११ जुलै

त्या पदाची जाहिरात लागली. अर्ज ऑनलाइनच. पदवीचा रकाना कोरा सोडला — मॅट्रिकवाला लिहिणार काय? 'पुढे' दाबलं. लाल अक्षरं: हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नोकरभरतीचं ऑफिस तळमजल्यावर आहे. उद्या सकाळी जातो. तिथली जीन कोण, ते बघायचं.