पेपरच्या दिवशीचं दही

९ नोव्हें., रवि.
सकाळपासून नेटवर्किंगच्या पेपरसाठी सबनेटिंगचे हिशोब. डोकं पार भंजाळलं. बाबा रिटायर झाल्यापासून नुसते समोर बसून माझ्याकडे पाहत राहतात, म्हणून त्यांना प्रश्न वाचायचं काम दिलं. चष्मा लावून एकेक शब्द जुळवत वाचतात. विचारलं, माझं उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कसं कळून राहिलं? म्हणे, "तुझ्या तोंडावरून. गडबड असली की तू नाक ओढते. लहानपणी खोटं बोलली की पण असंच." मी मुळीच ओढत नाही. पुढचे सगळे चुकले. दरवेळी शांतपणे म्हणाले, "ओढलं."
पुण्याच्या कंपनीचा मेल परत वाचला. जानेवारीअखेरपर्यंत जागा ठेवतो म्हणतात, पण सर्टिफिकेट हातात पाहिजे. नाही झालं तर इथे ठेकेदाराकडे आहेच मी, शिडी धरायला.

१३ नोव्हें.
कुंडमच्या ऑफिसात नेटची लिंक बंद. माकडांनी केबल चावलेली. केबल बदलली, स्विच चालू केला, सगळं मी केलं. तर ऑफिसातले साहेब आमच्या ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, बढ़िया काम किया." भैया बिचारा गाडीत झोपून उठला होता. तो पण हो हो करून राहिला.
घरी येऊन चिडचिड केली. बाबांनी ताटात दही जास्त वाढलं.

१८ नोव्हें.
पेपर घरूनच देणार. शनिवारी. नियम कडक: खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको, कॅमेरा पूर्ण वेळ चालू. बाबांना दोनदा समजावलं. म्हणाले, "अच्छा, म्हणजे एकदम चूप. फॅक्टरीत आमच्या एका शेडमध्ये असंच होतं." दाराबाहेर स्वतः खुर्ची टाकून बसणार आहेत. दीक्षितपुऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं म्हणे की शनिवारी हॉर्न वाजवायचा नाही.
कमाल करतात.

२२ नोव्हें., शनि.
पेपर रद्द झाला. लिहायची इच्छा नाही.

२३ नोव्हें.
लिहून टाकते, नाही तर डोक्यातून जाणार नाही.
सुरुवात छान झाली होती. टेबल रिकामं करून दाखवलं, खोलीभर कॅमेरा फिरवला, आईच्या फोटोमागे पण काही नाही हे दाखवलं. बरेचसे प्रश्न सुटले. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात, जिथे माझाच चेहरा दिसतो, तिथे बाजूला पांढरा स्वेटर दिसला. बाबा. पावलं न वाजवता आत आले होते. एक बोट ओठावर आणि दुसऱ्या हातात चमचा. दही-साखर.
शाळेपासून प्रत्येक पेपरला आई उंबऱ्यात दही-साखर द्यायची. ती गेल्यावर बाबा देतात. काल मी घरातून निघालीच नाही, तर देणार कधी? बाहेर बसल्या बसल्या आठवलं असणार.
मी मान हलवून नाही नाही केलं. त्यांना वाटलं दही नको म्हणते. चमचा आणखी जवळ आणला. तेवढ्यात चॅटमध्ये परीक्षकाचा मेसेज, खोलीत कोण आहे? आणि स्क्रीन बंद.
"घे ना," हळूच म्हणाले, "मी काही बोललो नाही."
मी ओरडली. खूप ओरडली. शेवटी म्हटलं, आई असती तर तिला एवढी अक्कल असती. बाबा चमचा घेऊन बाहेर गेले.

२७ नोव्हें.
कंपनीला खरं काय ते कळवलं. जानेवारीअखेरच्या पुढे थांबणार नाहीत. पुन्हा अर्ज केला, यावेळी शहरातल्या सेंटरवर.
चार दिवस झाले, ताटात दही नाही. आधी लक्षात आलं नाही. आज विचारलं तर म्हणाले, "विरजण खराब झालं. थंडी आहे." थंडी दरवर्षी असते. आई गेल्यापासून रोज न चुकता एक चमचा बाजूला काढून ठेवायचे, त्यावरच दुसऱ्या दिवशीचं लावायचे. तिचंच चालत आलेलं विरजण होतं ते. थंडीत भांड्याला आपला स्वेटर गुंडाळून ठेवायचे.
खराब झालं नाही. त्यांनी लावलंच नाही. माझ्यामुळे.

३० नोव्हें.
माफ करा म्हटलं. "अरे जाऊ दे बेटा, चूक माझीच आहे," म्हणून वर्तमानपत्र उघडून बसले.
प्रश्न आता मीच मोठ्याने वाचते. मजा नाही.

१४ डिसें., रवि.
स्कूटीवर खमरियाला गेली. आमच्या जुन्या फॅक्टरी क्वार्टरच्या शेजारच्या वानखेडे काकू अजून तिथेच आहेत. आठवलं होतं, एकदा त्यांचं दही नासलं तेव्हा आईनेच त्यांना विरजणाची वाटी दिली होती.
काकू म्हणाल्या, "तेच जामन आहे गं. तुझ्या आईसारखं घट्ट माझं नाही लागत, पण आहे तेच. तू काहून रडून राहिली?" मी म्हटलं, हवा लागली गाडीवर. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.
डबी जॅकेटच्या आत धरून आणली. ओट्यावर ठेवली. बाबांनी झाकण उघडलं, बोटाने चाटून पाहिलं.
"वानखेडेबाईकडचं?"
"हो."
"दूध तापव मग. जास्त नको, कोमट."
स्वेटर काढून भांड्याला गुंडाळला. मी माझी शाल त्यांना दिली.

२१ डिसें.
बाबांनी आपणहून कागद मागितले. वाचून राहिले प्रश्न. आज फार कमी वेळा "ओढलं" म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

१० जाने., शनि.
निघताना बाबा स्वयंपाकघरात भांडी लावत होते. धुतलेलीच परत पुसत होते. मी बूट घालून दारात उभी. येईनात.
म्हटलं, बाबा, मी निघून राहिली, माझे हात रिकामे काहून?
"तिथे चालते ना? काही प्रॉब्लेम..."
"सेंटर तिकडे आहे बाबा. हे घर आहे."
पळत आले. हातावर दही दिलं, साखर टाकायची राहिली, परत आत गेले, साखर आणली. मी चाटून घेतलं आणि तशाच चिकट हाताने त्यांना धरलं.
दुपारी सेंटरवरच निकाल मिळाला. पास.

१४ जाने.
गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. कोणी विचारलं पुण्याला कधी, तर माझ्याआधी तेच म्हणतात, "बस, याच महिन्यात." बाजारातून स्टीलची घट्ट झाकणाची डबी आणली. पाणी भरून उलटी करून दाखवली. ट्रेनमध्ये सांडत नाही म्हणे.
मला म्हणाले तिकडे गेल्याबरोबर लावायचं, पॅकेटच्या दुधात पण लागते. मी विचारलं, आणि इथे? "इथे मी एकटा किती खाईन? पण लावीन. बंद नाही पडू देणार."

१८ जाने., रवि.
'हो'चा मेल पुण्याच्या कंपनीला लिहून ठेवला आहे. पाठवणं होत नाही. उद्या उत्तर हवं आहे त्यांना.
संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पाठवलं का?"
म्हटलं, नेट बंद आहे.
बाबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं.
"ओढलं," म्हणाले, आणि दूध गॅसवर ठेवायला उठले.