आपल्या दारासमोरची गळती

आई, आपल्या गल्लीत आता नळाच्या पाइपालगत काचेची तार पुरलीय, केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड सोडायचा. कुठं पाणी झिरपत असलं की तिथली माती थरथरते, उजेडात फरक पडतो आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर रेघ उमटते. मग तेवढीच जागा उकरायची. नांदेडहून बदली होऊन मी याच कामावर लातूरला आले आणि राहते आपल्याच दोन खोल्यांत. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी नळाचंच काम का गं.

गंमत म्हणजे त्या तारेला नुसतं पाणी कळत नाही. ऑटो, टँकर, चालणारं माणूस, सगळं कळतं. पावलांची बारीक तिरकी रेघ येते. आमच्या लेखी तो कचरा, तो काढला की गळती दिसते. दिवसभर मी माणसांची पावलं पुसत बसते आणि तू आठवतेस. भूकंपात गावचं घर गेलं, बाबा गेले, आणि मला घेऊन तू इथं आलीस, क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढलीस. भाकरी थापता थापता मध्येच तुझा तळहात फरशीवर टेकलेला असायचा. बोळातनं कोण येतंय ते पावलावरून ओळखून त्याच्या भुकेप्रमाणं पीठ मळायला घ्यायचीस. एकदा मी शाळेतून येते, चपला बाहेर काढून हळूच तुझ्या मागं उभी राहते, आणि तू अशी दचकतेस की परातच उलटते. "पाय वाजवीत येत जाय. घरात कोण आलं, कळाया नको का मला?" मी दोन दिवस फुगून बसले. जमीन पुन्हा हलेल म्हणून तू सारखी कान देऊन असायचीस, हे त्या वयात मला कुठलं कळायला.

पोरं आता होस्टेलातच जेवतात. गल्लीत गर्दी पहिल्यापेक्षा जास्त, पण सगळी आपल्या दारावरून पुढं जातात. परवा काम नव्हतं, म्हणून साठवलेल्या मूळ नोंदींतून आपल्या दारापुरता जुना सगळा माग काढून बघितला. दूधवाला सोडला तर दाराशी थांबणारी रेघ एकाच माणसाची. सकाळी निघते, संध्याकाळी परत येते. ती माझीच. लई एकटं वाटलं गं. ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नाही, हसतील.

तुला सांगते, कारण हे पत्र कुठं टाकायचंच नाहीये. काल मी आपल्या दारासमोर गळती असल्याचं कळवलं. नव्हती. चार माणसं आली, कुदळी-फावडी घेऊन, मोठमोठ्यानं बोलत. किती दिवसांनी मोठं पातेलं चढवलं, चहा केला, पोहे केले. एकानं तर पुन्हा मागून घेतले. खड्डा कोरडाच निघाला. यंत्र चुकतं कधीकधी, असं मी त्यांना सांगितलं.