घेवड्याचं वावर पाण्याला

सगळ्यांत आधी आली ती शेजारची फेलेसिया. पाण्याच्या संस्थेचे पाहुणे सकाळी दहाला यायचे होते, तर ही बाई सातलाच नवं लुगडं गुंडाळून, रिकामी बादली डोक्यावर घेऊन पंपापाशी हजर. म्हणाली, “एनिफाअक्का, पहिला नंबर माझा हं, फोटोत मी पुढे.” वर्षभर त्या पंपाकडे मान वळवूनही न बघणारी हीच ती. हे मृत्युपत्रात कशाला, असं माकिना गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, गुरुजी, कागद माझा, मरणार मी, तर आधी कोण आलं तेही मीच लिहिणार.

आता रीतसर. मी, एनिफा नांबेवे, राहणार काम्वेंडो गाव, जिल्हा डोवा, मलावी, वय एकाहत्तर (गुरुजींनी टोळधाडीच्या सालावरून मोजलं), शिक्षण तिसरी आणि पुढचं चर्चमधल्या बायकांच्या वर्गात, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कान एकच ऐकतो, पण तो चांगला ऐकतो. हा कागद मी कुणाच्या धाकाने किंवा भुलीने करत नाही, आनंदाने करते आहे. मरायची घाईही नाही.

कलम पहिलं. माझं राहतं घर माझी मुलगी मालिता हिला. आमच्यात घर आणि जमीन आईकडून लेकीकडे जाते, त्यामुळे यात माझे उपकार काही नाहीत. चुलीकडचा पत्रा गळतो. तो लावून देतो असं मालिताचा नवरा तीन पावसाळे म्हणतो आहे. हे कलम वाचताना सगळ्यांनी त्याच्याकडे बघावं.

कलम दुसरं. उखळ आणि दोन मुसळं माझ्या तिन्ही नातींना. भांडू नये. दोघींनी कांडावं, तिसरीने गाणं म्हणावं, मग पाळी बदलावी. शेळ्याही त्यांनाच. फक्त काळी शेळी विकू नये, ती माझ्याशी बोलते.

कलम तिसरं. सूप फेलेसियाला. माझं नवंकोरं सूप तिने नेलं आणि कडा फाटलेलं परत आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. ते फाटकं सूप मी आढ्याला जपून ठेवलं आहे. तेच तिला मिळावं.

कलम चौथं, आणि खरं कलम हेच. आईकडून मला आलेलं घेवड्याचं वावर, आंब्यापासून ओढ्याच्या वाटेपर्यंत, त्यातला आंब्याकडचा तुकडा, तीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद (पावलं माझी, मालिताची नव्हेत, ती ढांगा टाकते), मी गावाच्या पाण्यासाठी देते. माझ्या मरणाची वाट न बघता, आजपासूनच.

का देते ते सांगायला हवं, नाहीतर माझ्या मागे लोक म्हणतील म्हातारीला गोऱ्यांनी फूस लावली.

गेल्या वर्षी पाणी देणाऱ्या संस्थेची बोअरची गाडी आली. गाडीवरच्या माणसांनी गावाभोवती फिरून हिरवी जागा हेरली. आता गावात हिरवी जागा कुठली? मसणराई. तिथल्या झाडाला कुणी कोयता लावत नाही, म्हणून ती हिरवी. गाडी राईच्या कडेला उभी राहिली, खड्डा झाला, पाणी उसळलं, आणि मग त्यांनी विचारलं, “जागा ठीक आहे ना?” आम्ही काय केलं? गुडघ्यावर बसून, मान द्यायच्या रीतीने ओंजळ वाजवली आणि म्हटलं, फार छान. इतक्या लांबून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? गावच्या मुखियाने वाजवली, माझ्या भावाने वाजवली, सगळ्यांत जोरात मी वाजवली.

गाडी गेली आणि कुणी एक घोट प्यायलं नाही. ज्या मातीत माझी आई निजली आहे तिच्यातून आलेलं पाणी मी मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवायला कसं घेऊ? माझी थोरली दोरिकाही तिथेच आहे. सात वर्षांची होती. ओढ्याच्या डबक्याचं पाणी पिऊन हगवणीने गेली, तीन दिवसांत. तर मी वर्षभर राईजवळचं स्वच्छ पाणी सोडून नातींना त्याच डबक्याचं पाजत होते.

मग या महिन्याच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी, संस्थेचे विश्वस्त आले. म्हणजे पैसे कुठे लावायचे, विहीर कुठे घ्यायची, हे ठरवणारे. एकूण आठ जण आहेत. आपले माकिना गुरुजी त्यांतलेच, बाकीचे इंग्लंडातले. आले दोघं. विनीबाई, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं राबलेली, आणि कीथ, नळ दुरुस्त करणारा, आता म्हातारा. मी विनीबाईला विचारलं, “पगार किती?” गुरुजींनी तिचं उत्तर सांगितलं, “काही नाही. भाडंसुद्धा पदरचं.” मी म्हटलं, “मग नवरा काही बोलत नाही?” ती म्हणाली, “बोलतो की. म्हणतो, जगातले सगळे नळ बघतेस, घरचा ठिबकतोय तो कधी बघणार?” मला ती तिथेच आवडली.

फेलेसियाने बादली भरली, मागे सगळ्या बायकांनी भरल्या, नाचल्या, फोटो झाले. आणि एकेक जण चर्चच्या मागे जाऊन बादली ओतून आली. माझीही त्यांत होती.

कीथ मात्र पंपाच्या दांड्यावरून हात फिरवत उभा. म्हणाला, “वर्ष झालं ना? मग इथला रंग का नाही उडाला? रोज शंभर हात लागले तर दांडा चकाकायला हवा.”

मुखियाने ओंजळ वाजवायला हात वर केले. मी म्हटलं, “मुखियाबाबा, खाली ठेवा हात. पुरे झालं.” आणि सांगून टाकलं. राई, आई, दोरिका, चर्चमागचा चिखल, सगळं. गुरुजी जरा मऊ करून सांगत होते. मी म्हटलं, “गुरुजी, साखर घालू नका.”

मला वाटलं आता ही माणसं चिडून जाणार आणि पाणी कायमचं गेलं. विनीबाई माझ्या चटईवर येऊन बसली. म्हणाली, “आजी, शाळेत मुलं मला रोज म्हणायची, जेवण फार छान. आणि वाटाणे कचऱ्याच्या कुंडीत टाकायची. तेव्हापासून मी मुलांना विचारत नाही, कुंडी बघते. इथे आम्ही कुंडी बघायची विसरलो. आधी विचारायचं ते खड्डा झाल्यावर विचारलं. चूक आमची.” मी म्हटलं, “अर्धी आमची. आम्ही टाळ्या फार वाजवतो.”

मग खरं दुखणं निघालं. पंप उपटून दुसरीकडे बसवता येईल, नवीन बोअर घेता येईल, पण आठही विश्वस्तांनी हो म्हणायला हवं. आणि जागा कागदावर गावाची हवी. दुसऱ्या एका गावात शेतमालकाने पंपाला कुलूप लावलं आणि बायका परत डबक्यावर गेल्या, म्हणून हा नियम. कागद नाही तर पाणी नाही. कीथच्या यंत्राने आंब्याखाली पाणी दाखवलं, आणि आंबा माझा.

आमच्यात जमिनीचा शब्द मामाचा. मुलांचा मामा, म्हणजे माझा भाऊ योसेफे. त्याच्या अंगठ्याशिवाय कागद कच्चा. तो आंब्याला टेकून बसला आणि म्हणाला, “अक्के, आईची जमीन गोऱ्यांना देतेस?”

“गोऱ्यांना नाही रे, बादल्यांना.”

“उद्या सगळा गाव घेवडा तुडवत येईल.”

“घेवड्याचं बघायला मालिता आहे. तिला विचार, माझ्यामागे तिचंच वावर आहे ते.”

मालिता म्हणाली, “मामा, मी घेवडा दुसरीकडे लावीन. लेकी दुसरीकडे कुठे लावू?”

योसेफे उठून गेला. नऊ दिवस आला नाही. मी दोनदा न्सिमा आणि शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं पाठवली, ताट चाटून परत यायचं, निरोप नाही. काल आला. म्हणाला, “अट आहे. आंबा तोडायचा नाही. आईला याच आंब्याखाली कळा आल्या आणि मी झालो.” म्हटलं, “अरे बैला, ते मला माहीत आहे, नाळ मी कापली. बारा वर्षांची होते.” मग दोघंही बराच वेळ हसलो, आणि त्याने अंगठा द्यायचं कबूल केलं.

तर अट लिहिते. आंबा तोडू नये. तुकड्याला कुंपण घालावं ते फक्त शेळ्यांसाठी, माणसांसाठी नाही. पंपाला कुलूप लावणारा माझ्या घरचा असला तरी मामाने त्याला वंशातून बाहेर काढावं. आजारी माणसाच्या घरची बादली आधी भरावी. रांगेत फेलेसियाने फार बोलू नये.

कलम पाचवं. मला राईतच ठेवा, आई आणि दोरिकाच्या मध्ये. माझ्या मयताला येतील त्यांना आंब्याखालच्या पाण्याचा थोब्वा द्या, आमचं मक्याचं पेय, गोड आणि दाट, सगळ्यांना पुरेल इतका.

हे सगळं गुरुजींनी मोठ्याने वाचलं, मी एका कानाने ऐकलं, बरोबर आहे.

साक्षीदार: मुखिया काम्वेंडो, सही. योसेफे, नांबेवे घराण्याचा मामा, डावा अंगठा (दोनदा उमटवला, पहिला पुसट होता). फेलेसिया, सही. ती म्हणते नवं सूप आणते, तिसरं कलम खोडा. आधी सूप येऊ दे.

लिहून देणार: एनिफा नांबेवे, माझ्या हाताने.

ठिकाण काम्वेंडो, आंब्याखाली. सोमवार, ३० जून २०२५.

एक राहिलं. मी अधेमध्ये गेलेच तर हा कागद मालिताने विनीबाईच्या हातात द्यावा. पण मी जाणार नाही, मला त्या दांड्याचा रंग उडालेला बघायचा आहे. सगळ्या विश्वस्तांचा होकार किंवा नकार घेऊन ते दोघं परत येतो म्हणालेत, मंगळवारी, १२ ऑगस्टला.